विस्तुलेच्या कांठचीं दोन शहरें

युरोपच्या प्रवासास निघालेले आपल्याकडील लोक बहुधा लंडन, पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंडचीं हिमशिखरें पाहून परत येतात. पोलंडचें नांव त्यांच्या यादींत सहसा नसतें. आमच्याहि यादींत तें नव्हतें. तें आलें आत्यामुळें.

कोल्हापुरास आमच्या पणजोबांनीं बांधलेला वाडा होता. आत्याचें बालपण तेथेंच गेलें आणि सासरहि गांवांतच असल्यामुळें माहेरचा उंबरा तिला कधीं परका झाला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरनजीक वळिवडे येथें पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारें पांच हजार माणसें तेथें राहत. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें. सोव्हिएट राजवटीनें १९४० व १९४१ सालीं त्यांना पूर्व पोलंडांतील घरांतून उचलून सैबेरियांत आणि मध्य आशियांत धाडलें होतें. सुटका झाल्यावर इराणमार्गें हीं कुटुंबें हिंदुस्थानांत आलीं. आत्या तेव्हां दहा वर्षांची होती. त्यांतील एक बाई लहान मुलीला घेऊन उन्हाच्या वेळीं आमच्या ओट्यावर टेकली, आजीनें दोघींना गूळ-पाणी दिलें, आणि त्या बाईनें अंगणाच्या धुळींत बोटानें एक घर काढून दाखविलें: उतरतें छप्पर, शेजारीं विहीर, दोन झाडें. मग तळहातानें तें पुसून टाकलें. ही आठवण आत्यानें आम्हां मुलांना किती वेळां सांगितली असेल याची गणतीच नाहीं.

२०२४ सालीं आम्ही उभयतां युरोपास निघालों, त्याच्या आठच दिवस आधीं वाडा पाडून तेथें सदनिका बांधण्याच्या करारावर आम्ही चौघा भावांनीं सह्या केल्या होत्या. २०१९ च्या पुरांत मागचा सोपा खचला होता. दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपण्यासारखा नव्हता, आणि राहणारें तर कोणीच उरलें नव्हतें. आत्यानें विरोध केला नाहीं. निरोपाच्या वेळीं मात्र ती म्हणाली, "अरे, पोलंड वाटेंत असलें तर बघून ये. त्या बाईचें घर कसलें होतें कोण जाणे!"

पोलंड वाटेंत नव्हतें. तरीहि आम्ही गेलों.

विस्तुला ही पोलंडची गंगा. दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावून, क्राकूव आणि वॉर्सा या शहरांना वळसे देत, एक हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ती बाल्टिक समुद्रास मिळते. क्राकूव ही जुनी राजधानी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा झिग्मुंट यानें दरबार वॉर्सास हलविला. पुढें १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळां रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनीं हें राज्य वांटून घेतलें, आणि १२३ वर्षें युरोपच्या नकाशावर पोलंड हें नांवच उरलें नाहीं. १९१८ सालीं राष्ट्र पुन्हा उभें राहिलें; एकवीस वर्षांनीं पुन्हा चिरडलें गेलें. राज्य नव्हतें तेव्हां या लोकांनीं काय सांभाळलें, हें पाहणें म्हणजेच पोलंड पाहणें होय.

क्राकूव महायुद्धांतून बहुतांशीं अभंग सुटलें. शहराचा मध्यचौक १२५७ सालीं आंखला गेला. त्याची प्रत्येक बाजू सुमारें दोनशें मीटर भरते. चौकाच्या मधोमध कापडव्यापाऱ्यांची लांबलचक कमानदार पेठ आहे, आणि एका कोपऱ्यांत सेंट मेरीचें विटांचें देवालय. तेथील काष्ठशिल्पांची भव्य वेदी न्यूरेंबर्गहून आलेल्या वीत श्टोस या शिल्पकारानें १४७७ ते १४८९ अशीं बारा वर्षें खपून कोरली. युद्धांत ती जर्मनांनीं पळविली. १९४६ सालीं ती परत आली. या देवालयाच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारी दिशांना तुतारी वाजते, आणि सूर रंगांत येतो न येतो तोंच मध्येंच तुटतो. १२४१ च्या तार्तार स्वारींत पहारेकऱ्याच्या कंठांत बाण घुसला, म्हणून सूर तेथेंच थांबतो, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, तुटलेला सूर कोणी पुरा करीत नाहीं, हें मात्र खरें. तुतारी वाजविण्याचें काम अग्निशामक दलाच्या जवानांकडे आहे, आणि दुपारीं बाराची तुतारी १९२७ पासून पोलिश रेडिओवरून देशभर ऐकविली जाते.

येथील विद्यापीठ १३६४ सालचें. कोपर्निकस येथेंच शिकला. नोव्हेंबर १९३९ मध्यें जर्मनांनीं प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्तानें एकत्र बोलावून अटक केली व त्यांतील बहुतेकांना छळछावणींत धाडलें. त्यानंतर विद्यापीठ घराघरांतून गुप्तपणें चाललें. याच विद्यापीठांत संस्कृतचेंहि अध्यापन होतें, आणि पोलिश भाषा कानीं पडूं लागली म्हणजे त्याचें नवल वाटेनासें होतें. अग्नीला हे लोक 'ओगिएन' म्हणतात, मधाला 'म्यूद', भावाला 'ब्रात', शंभराला 'स्तो' आणि विधवेला 'व्दोवा'. आमच्या मंडळींना तर हे शब्द गोळा करण्याचा छंदच लागला.

शाकाहाराची काळजी वाहणाऱ्या भगिनींसाठीं दोन शब्द लिहितों. पोलंडांत 'दुधाचीं उपाहारगृहें' म्हणून स्वस्त खाणावळी आहेत; पहिली १८९६ सालीं वॉर्सांत निघाली. तेथें बीटाचें आंबट सार, गव्हल्यासारख्या दलियाचे प्रकार आणि 'पिएरोगी' मिळतात. पिएरोगी म्हणजे कणकेच्या पारींत सारण भरून उकडलेल्या करंज्याच. बटाटा व ताज्या चीजचें किंवा कोबी-अळंब्यांचें सारण मागावें आणि वर डुकराच्या चरबीचें परतलेलें वाढूं नये असें आधींच सांगावें, म्हणजे निर्धास्त जेवतां येतें.

क्राकूवपासून जवळच विएलिच्का येथें मिठाची प्राचीन खाण आहे. सातशें वर्षें तेथें मीठ काढीत. व्यापारी उत्पादन १९९६ सालीं थांबलें. जमिनीखालीं सुमारें शंभर मीटरांवर खाणकामगारांनीं स्वतः कोरलेलें देवालय आहे. भिंती, मूर्ति, पायांखालची फरशी आणि दिव्यांच्या झुंबरांतील लोलकसुद्धां मिठाचे. दिवसभर खाणींत राबणाऱ्यांनीं कुशल शिल्पकारांची वाट न पाहतां हें काम पिढ्यान्‌पिढ्या पुढें नेलें. दक्षिणेस ताट्रा पर्वताच्या पायथ्याशीं झाकोपाने हें गांव आहे. तेथील डोंगरी लोकांचीं ओंडक्यांचीं घरें, उभ्या उताराचीं छपरें, मेंढीच्या दुधाचें धुरावलेलें चीज, आणि मागें नुकतें बर्फ पांघरूं लागलेलीं शिखरें! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तानिस्लाव वित्किएविच या चित्रकारानें या साध्या घरांचा बारकाईनें अभ्यास करून त्यांवरून नवी वास्तुशैली घडविली. राज्य नसलेल्या राष्ट्राला आपलें असें कांहीं हवें होतें. तें त्यानें मेंढपाळांच्या घरांत शोधलें.

त्या वर्षीं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलें होतें. घरापासून दूर दिवाळी, म्हणून मन उदास होतें. योगायोग असा, कीं तोच दिवस पोलंडांत पितरांच्या स्मरणाचा. दुपारपासून सारें क्राकूव फुलें आणि कांचेच्या भांड्यांतील मेणाचे दिवे घेऊन दफनभूमीकडे लोटलें. साडेचारच्या आंतच सूर्य मावळला आणि राकोविचे दफनभूमींत हजारों ज्योति लुकलुकूं लागल्या. ज्या थडग्याला वारस नाहीं, त्यापुढेंहि कोणीतरी दिवा ठेवून जात होतें. आम्हींहि एक दिवा विकत घेतला आणि अक्षरें पुसलेल्या एका थडग्यापाशीं ठेवला. कोल्हापुरांतहि छावणींत वारलेल्या पोलिश माणसांचीं थडगीं आहेत. त्यांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशीं ओश्विएन्चिम येथें गेलों. जर्मनांनीं त्याला ऑश्विट्झ हें नांव दिलें, आणि जग त्याच नांवानें त्याला ओळखतें. १९४० ते १९४५ या काळांत तेथें सुमारें अकरा लक्ष माणसें मारलीं गेलीं. त्यांतील दहा लक्षांच्या घरांत ज्यू होतीं. त्याविषयीं मीं अधिक लिहूं नये हेंच बरें. एकच सांगतों. उडवून दिलेल्या वायुगृहांचे ढिगारे तेथें जसेच्या तसे राखले आहेत. एका दालनांत चामड्याच्या पेट्यांचा डोंगर आहे. प्रत्येक पेटीवर धन्यानें आपलें नांव-गांव रंगानें ठळक लिहिलेलें, कारण पेटी परत मिळेल असें त्याला सांगितलें होतें. आमच्या मंडळींनीं त्या दिवशीं कांहीं खाल्लें नाहीं.

क्राकूवहून आगगाडीनें अडीच तासांत वॉर्सास पोंचतां येतें. वाटेंत सपाट शेतें, पांढऱ्या खोडांचे बर्च वृक्ष, कांठाकांठानें छाटलेले विलो. संध्याकाळीं जुन्या पेठेंत गेलों. उंच, चिंचोळीं, गेरू, पिवळ्या आणि हिरवट रंगांचीं घरें, दारांवर कोरीव चौकटी, मधोमध चौक. तीनशें वर्षांपूर्वींचें शहर समोर आहे असें वाटलें. पण हें सारें १९४५ नंतरचें आहे.

१९३९ च्या वेढ्यांत शहराची मोठी हानि झाली. १९४३ च्या वसंतांत ज्यूंच्या कोंडवाड्यांत उठाव झाला. तो चिरडून ती सारी वस्ती भुईसपाट करण्यांत आली. १ ऑगस्ट १९४४ रोजीं वॉर्साच्या नागरिकांनीं उठाव केला आणि ६३ दिवस तो लढविला. उठाव मोडल्यावर जर्मनांनीं उरलेल्या रहिवाशांना बाहेर काढलें आणि रस्तोरस्तीं घरें जाळण्यासाठीं व सुरुंगांनीं उडविण्यासाठीं खास पथकें लावलीं. ग्रंथालयें आणि राजवाडा यांचा तर नेमून नाश केला. जानेवारी १९४५ मध्यें शहर मोकळें झालें, तेव्हां शेंकडा ८५ च्या सुमारास इमारती नष्ट झाल्या होत्या. राजधानी दुसरीकडे न्यावी असाहि विचार त्या वेळीं निघाला होता.

मग ही पेठ उभी राहिली कशी? याचें उत्तर वस्तुसंग्रहालयांत मिळालें, आणि त्यासाठींच हा लेख लिहिण्याचा खटाटोप. महायुद्धापूर्वींच, १९२० नंतरच्या वर्षांत, वॉर्साच्या तंत्रविद्यालयांत ओस्कार सोस्नोव्स्की नांवाचे वास्तुविद्येचे प्राध्यापक होते. ते आपल्या विद्यार्थ्यांना सुटींत फीत आणि कागद देऊन देशांतील जुन्या इमारती मोजावयास पाठवीत. कोणत्या घराला किती खिडक्या, कमानीची उंची किती, जिन्याला पायऱ्या किती, चौकटीवर नक्षी कोणती, हें सारें मोजून मुलें नकाशे काढीत. त्या वेळीं घरें धडधाकट उभीं होतीं. हा सारा उद्योग पाहून कित्येकांना हंसूंहि आलें असेल. सप्टेंबर १९३९ च्या वेढ्यांत सोस्नोव्स्की मारले गेले. त्यांचे सहकारी यान झाखवातोविच आणि इतरांनीं जर्मन अमलांतहि चोरून मोजणी चालू ठेवली. शहर जळत असतां हे कागद बाहेर काढून प्योत्रकूव येथील एका मठांत लपविले. घरें गेलीं, कागद राहिले.

त्यांच्या जोडीला आणखी एक साधन होतें. अठराव्या शतकांत बेर्नार्दो बेलोत्तो हा इटालियन चित्रकार राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्या पदरीं होता. त्यानें वॉर्साचे रस्ते, चौक आणि वाडे यांचीं बारीक तपशिलाचीं चित्रें काढलीं. तींहि जर्मनांनीं नेलीं होतीं. युद्धानंतर तीं परत मिळालीं आणि कारागिरांनीं त्यांचा आधार घेतला. चित्रकारानें शोभेसाठीं कांहीं ठिकाणीं फेरफार केले होते, तेहि काहीं घरांत उतरले, असें सांगतात! मातींतून निवडलेल्या विटा, दगडांचे तुकडे पुन्हा भिंतींत बसविले. जुन्या पेठेचा चौक २२ जुलै १९५३ रोजीं खुला झाला. राजवाड्याचें काम १९७१ सालीं ठरलें आणि त्याचीं दारें १९८४ सालीं लोकांना उघडलीं. त्यासाठीं सामान्य माणसांनीं वर्गणी दिली. १९८० सालीं युनेस्कोनें या पेठेला जागतिक वारशांत स्थान दिलें. जुनी वास्तु म्हणून नव्हे, तर पुन्हा उभारण्याच्या अपूर्व उद्योगासाठीं.

राजवाड्यासमोर झिग्मुंट राजाचा १६४४ सालचा स्तंभ आहे. १९४४ मध्यें तो पाडला गेला. १९४९ सालीं नव्या दगडाचा स्तंभ उभारून राजाची जुनीच मूर्ति त्यावर बसविली, आणि जुने फुटलेले स्तंभ राजवाड्याच्या भिंतीजवळ हिरवळीवर ठेवले. काय मोडलें हें लपविलेलें नाहीं, ही गोष्ट मला फार आवडली.

तथापि या कौतुकाला दुसरीहि बाजू आहे, ती सांगितली नाहीं तर लेख खोटा ठरेल. वॉर्साला लागणाऱ्या विटांसाठीं व्रोत्सुआफसारख्या पश्चिमेकडील शहरांतील इमारती पाडण्यांत आल्या. आणि युद्धापूर्वीं वॉर्साच्या सुमारें तेरा लक्ष वस्तींतील जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू होता. त्यांचा मुरानूव हा भाग नव्यानें बांधला तो त्यांच्याच घरांच्या ढिगाऱ्यांवर. तेथील कित्येक इमारती त्यामुळें रस्त्याहून उंचावर दिसतात. दगड परत आणतां आले. तीं माणसें, त्यांची भाषा, त्यांची दुकानें, त्यांचे सण परत आणतां आले नाहींत. मोजमापाला जितकें सांपडतें तितकेंच पुन्हा उभें राहतें.

वॉर्सांतच आम्हांला आपल्या देशाचें ऋण मानणारीं स्थळें भेटलीं. नवानगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांना आश्रय दिला, म्हणून एका चौकास 'भल्या महाराजांचा चौक' असें नांव आहे. आणि वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचेंहि स्मारक आहे. परक्या शहरांत 'कोल्हापूर' हें नांव वाचून डोळे भरून आले, हें कबूल करण्यास लाज वाटत नाहीं.

परत आल्यावर आत्यानें पहिला प्रश्न केला, "सांपडलें का रे त्या बाईचें घर?"

मीं नकाशा पुढें ठेवला. वळिवड्यास आलेले बहुतेक लोक पूर्व पोलंडचे. १९४५ नंतर सीमा बदलल्या. तो मुलूख सोव्हिएट संघांत गेला, आणि आज तो युक्रेन, बेलारूस व लिथुएनिया या देशांत आहे. छावणी उठल्यावर त्यांतील पुष्कळ जण इंग्लंडास, ऑस्ट्रेलियास, जेथें थारा मिळाला तेथें गेले.

"म्हणजे घर गेलें तें गेलें, आणि गांवहि गेलें," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानें, "आपला वाडा कधीं उतरवायचा?"

"वैशाखांत."

"मग अजून वेळ आहे."

काय करावयाचें हें तिनें सांगितलें नाहीं. पण सोस्नोव्स्कींच्या विद्यार्थ्यांची हकीकत मीं तिला नुकतीच सांगितली होती. नाताळच्या सुटींत आम्ही चौघे भाऊ, जावा-जावा आणि मुलें वाड्यांत जमलों. मोठ्या पुतण्यानें फीत धरली, धाकटीनें वही. दिंडीदरवाजा, ओसरी, पांच खणांचा सोपा, माजघर, देवघर, परसांतील आड, कोनाडेसुद्धां मोजले. आत्या खुर्चीवर बसून सांगत होती. माजघराशेजारची अंधारी खोली आम्ही आजवर अडगळीची समजत होतों. ती बाळंतिणीची खोली, आमचे वडील आणि त्यांचीं सहाहि भावंडें तेथेंच जन्मलीं, हें आम्हां भावांपैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें. फडताळाच्या दारावरील रेघा म्हणजे मुलांच्या उंचीच्या खुणा. सर्वांत खालची आत्याची. वहीचीं चाळीस पानें भरलीं. तीन दिवस घर पूर्वींसारखें गजबजलें होतें, आणि विभागणीचा विषय त्या तीन दिवसांत कोणी काढला नाहीं.

वैशाखांत वाडा उतरविला. तो पुन्हा बांधला जाईल अशी कोणाचीहि कल्पना नाहीं, आणि तसा आग्रहहि नाहीं. सगळींच घरें राखतां येत नाहींत. पण ज्या वाचकांचें जुनें घर अजून उभें आहे, त्यांना माझी एवढीच विनंति आहे, कीं येत्या सुटींत एक फीत, एक वही आणि घरांतील सर्वांत वृद्ध स्त्री यांना एकत्र बसवावें. तिला विचारावें आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. वॉर्साच्या त्या मुलांनीं आपलें काम घरें उभीं असतांनाच केलें होतें.